चवळीला तोंड दाखवायचं म्हणून

धडधाकट रोपं आजारी पाडणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. चवळीच्या कोवळ्या पानांवर एक विषाणू चोळायचा, पिवळे चट्टे उठले की पानं वाटायची आणि त्यातून विषाणूचे नॅनोकण वेगळे काढायचे. माणसाला ते बाधत नाहीत. पण कॅन्सरच्या गाठीत टोचले की शरीराचे डुलक्या काढणारे पहारेकरी परका आला म्हणून दचकून उठतात, आणि उठल्यावर त्यांना इतके दिवस शेजारी बसलेली गाठही दिसते.

आमचे सासरे निवृत्त माळी. याच विषाणूचे चट्टे दिसले की रोप उपटून जाळायचं, यात त्यांची हयात गेली. त्यांच्याच पोटरीवर कॅन्सरची गाठ निघाली. डॉक्टरांनी या नव्या औषधाच्या चाचणीचं सुचवलं, तर हे अडून बसले.

"सूनबाई, ज्याला जन्मभर जाळलं, त्याला आता पायात बिऱ्हाड थाटून देऊ?"

"बाबा, काट्याने काटा काढायचा."

"काढायचा ना? तू तर पेरायला निघालीस!"

मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. शेवटी त्यांना प्रयोगशाळेच्या काचघरात नेलं. तेवढ्यात मला फोन आला म्हणून मी बाहेर गेले आणि परत येऊन बघते तर टेबल साफ! चट्टे उठलेली सगळी रोपं उपटून, माती झटकून, कोपऱ्यात रचलेली.

"काडेपेटी आहे का गं?"

"बाबा, ते औषध होतं!"

"मग पाटी नको लावायला?"

पाटी चांगली हातभर होती. चष्मा घरी होता.

बाबा इतके वरमले की दुसऱ्या दिवसापासून न बोलावता येऊ लागले. नवी चवळी त्यांनीच लावली, आणि ती अशी तरारली की आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईही बघायला आल्या. मग विषाणू चोळायचा दिवस उजाडला. मी हातमोजे चढवले, तर बाबा कुंड्यांपुढे उभे.

"आणखी थोडे दिवस वाढू दे की."

"गाठ पण वाढतेय, बाबा."

त्यांनी हातमोजे मागून घेतले आणि पहिलं पान स्वतः चोळलं. "माफ कर गं बाई," असं पुटपुटले, ते मला नव्हतं.

काही आठवड्यांनी त्याच चवळीचं औषध घेऊन दवाखान्यातली नर्स समोर आली. "आजोबा, सक्ती नाही हं. अजूनही नको म्हणू शकता."

बाबांनी माझा हात घट्ट धरला.

"टोच," ते म्हणाले. "एवढी रोपं मारून आता माघार घेतली, तर कुठल्या कुंडीला तोंड दाखवू?"