डाव्या बाजूची जाळी

माझी बायको दुर्गेश्वरी सकाळी साडेनऊला घरून निघाली आणि पाऊण वाजता मला फोन आला. मधला सगळा वेळ मी शेतात थ्रेशरजवळ उभा होतो. लवकर निघणाऱ्या हलक्या धानाची मळणी चालू होती. मशीनच्या आवाजात खिशातला फोन ऐकू आला नाही. पाणी प्यायला बाजूला गेलो तेव्हा पाहिलं, गजेंद्रचे सात फोन येऊन गेले होते. आठवा माझ्या हातातच वाजला. तो गजेंद्रचा नव्हता.

"तुमी खुशालभाऊ का जी? कोहमाऱ्याच्या पुढं, नवेगावच्या जंगलात तुमच्या गाडीचा ॲक्सिडेंट झाला. बाईले दवाखान्यात नेऊन राहिले."

मी विचारलं, "बाई बोलून राहिली का?"

तो माणूस म्हणाला, "तुमी या जी लवकर."

तेवढ्यावरून मला समजलं.

गजेंद्र माझा साळा, दुर्गेश्वरीचा धाकटा भाऊ. तो तिला बाई म्हणायचा. त्याचं गाव प्रतापगडच्या बाजूला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. आमचं गाव चोरखमाऱ्याजवळ. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, रात्री नाटक असतं, आणि लेकी माहेरी जातात. भाऊ घ्यायला येतो. गजेंद्र दरवर्षी त्याच्या जुन्या गाडीवर यायचा. ह्या वर्षीही आला. त्याची गाडी माझ्या अंगणात ठेवून माझी नवी गाडी त्याच्या हातात मीच दिली.

ती गाडी मी दसऱ्याला आणली होती. लांबच्या प्रवासाची, मोठ्या टाकीची, तारेच्या चाकांची. आमची पोरगी आचल नागपूरला नर्सिंग शिकायला गेली, घर रिकामं झालं. एकदा जेवताना दुर्गेश्वरी म्हणाली, "अमरकंटक पाहाचा आहे. रेल्वेनं नाही. तुमी चालवा, मी मागं बसीन." लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. तिनं स्वतःहून कुठं जायचं म्हटल्याचं मला दुसरं काही आठवत नाही. धान घरात आलं की डिसेंबरात निघायचं ठरलं.

गाडीची मी फार काळजी घेतली. पहिले पाचशे किलोमीटर साठच्या वर नेली नाही. पहिल्या सर्व्हिसिंगला तेल बदललं. दर रविवारी चेन पुसायची, चेनचं तेल मारायचं, हवा बघायची. मोबाईलवर लोकांचे व्हिडिओ पाहून एकेक सामान लावत गेलो. पुढं गार्ड, जास्तीचे दोन दिवे, जाड सीट. शेवटी मागं दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या. पेट्या बसवायला तिरोड्याला शालीकरामच्या गॅरेजला नेली. शालीकराम माझ्याबरोबर सातवीपर्यंत शिकलेला.

गाडीच्या मागच्या चाकाला डाव्या बाजूनं कंपनीची जाळी होती, साडीगार्ड. बाईमाणूस एका बाजूला पाय घेऊन बसतं, पदर चाकात जाऊ नये म्हणून. शालीकरामनं त्या जाळीवर पाना ठेवला आणि थांबला.

"खुशालभाऊ, पेटीचा सांगाडा बसवाचा तर ही काढा लागते. दोघाईचे नट एकाच जागी येतेत."

"काढ मग."

"वहिनी साडी नेसतेत ना जी?"

"अमरकंटकला ड्रेस घालणार आहे. दोन्हीकडं पाय टाकून बसणार. आणि पेटी लागली की चाक झाकलंच ना?"

"पेटी हाये तोवर झाकलं. काढली का उघडं."

"पेटी मी कायले काढतो?"

तो हसला. "तुमचंही खरं. नवरदेवावानी सजवून राहिले गाडीले. तुमच्या लग्नात तुमाले तरी एवढं सजवलं होतं का?"

"तुझ्या लग्नात तर तुला आंघोळही घातली नव्हती," मी म्हटलं. गॅरेजमधले सगळे हसले. त्यानं जाळी काढली, कागदात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. मी ती घरी नेऊन धानाच्या कोठीमागं टाकली.

दुर्गेश्वरीनं आचलचा जुना ड्रेस घालून अंगणात सरावही केला. दोन्हीकडं पाय टाकून बसायची, उतरायची. शेजारची रुख्मा कुंपणावरून ओरडली, "वहिनी, तुमी तं हिरोइन झाल्या बाप्पा!" दुर्गेश्वरी लाजून घरात पळाली, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा सराव केला.

मंडईला जायच्या सकाळी ती ड्रेस घालून बाहेर आली नाही. गजेंद्रनं दिवाळीची साडी आणली होती, राणी रंगाची. भावाची साडी नेसून माहेरी जायचं, हे तिचं दरवर्षीचं. ती गाडीजवळ आली, बसून पाहिलं. एका बाजूला पाय घेतले तर डावी पेटी मध्ये येत होती.

"ही पायाले लागते."

"दोन्हीकडं पाय टाक."

"साडीवर? गावात जाईन तशी? लोकं काय म्हणतीन?"

गजेंद्र म्हणाला, "भाऊजी, माझ्याच गाडीनं नेतो ना. तिची सवय हाये मले."

"तुझी ती खटारा राहू दे," मी म्हटलं. "बहिणीला जरा मानानं ने."

पेटीला किल्ली असते. अर्धा फेरा फिरवला की निघते. मी डावी पेटी काढून बाहेर सपरीत, ओसरीवर ठेवली. दुर्गेश्वरी बसली. मी तिला म्हटलं, नीट धर. ती म्हणाली, "थ्रेशरवाल्याईले चहा पाठवा अकराले, विसरान." आणि गेली.

जाळी मला आठवली नाही, असं मी पुष्कळदा स्वतःला सांगितलं. ते खरं असेल. किंवा आठवली असेल आणि ऐंशी किलोमीटरचाच प्रश्न आहे असं वाटलं असेल. आता मला ते नक्की सांगता येत नाही. लोकांना वाटतं माणसाला असं सगळं लख्ख आठवतं. तसं नसतं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा ती झाकलेली होती. पदर चाकात गेला, ती मागं ओढली गेली, डोकं रस्त्यावर आपटलं. गजेंद्र बाहेर जमिनीवर बसला होता. त्याच्या गुडघ्यांतून रक्त येत होतं, कोणी पाहत नव्हतं. मला पाहून तो म्हणाला, "भाऊजी, मी पन्नासवर होतो. पन्नासवरच होतो." एवढंच तो दिवसभर म्हणत राहिला.

तिसऱ्या दिवशी पोलिसांनी माझा जबाब घेतला. आचल माझ्या बाजूला उभी होती. हवालदारानं बरंच विचारलं. शेवटी म्हणाला, "गाडीत काही फेरबदल केले होते का?"

मी म्हणालो, "नाही साहेब. कंपनीतून आली तशी आहे."

पेटीचा सांगाडा काळा, गाडीही काळी. त्याला तो कंपनीचाच वाटला असेल. त्यानं तसं लिहिलं आणि मी सही केली. हे मी ठरवून केलं नव्हतं. आचलचा हात माझ्या दंडावर होता, आणि तोंडातून ते निघालं.

गजेंद्रवर निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा गुन्हा लागला. त्यानं दारू घेतली नव्हती, तपासणीत तसं आलं होतं. तरी दोन्ही गावांत एकच बोलणं. मंडईचा दिवस, घेतली असन थोडी. नवी गाडी पाहून पळवली असन. तेरवीला तो आला तर आचल दारातच म्हणाली, "मामाला घरात नका येऊ देऊ, बाबा." मी वळून आत गेलो. तो कडुनिंबाखाली बसला. पंगती उठल्या, तो न जेवता गेला. त्याच्या आईनं, अनुसयाबाईंनी, त्याच्याकडं एकदाही पाहिलं नाही. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जवाई, तुमचं घर बुडवलं माझ्या पोरानं."

महिन्यानं पोलिसांनी लिहून घेऊन गाडी माझ्या ताब्यात दिली. टेम्पोत घालून आणली. फारसं काही झालं नव्हतं तिला. एक आरसा, डावा इंडिकेटर, थोडं घासलेलं. पोलिसांनी साडी कापून काढली होती, पण पूर्ण निघाली नव्हती. मागच्या चेनचक्राच्या आत, एक्सलभोवती दोरे गुंडाळून घट्ट झाले होते. त्यात चेनचं तेल मुरलं होतं. मी चाक उतरवलं आणि ब्लेडनं दोरे कापत बसलो. पहिले काळेच निघाले. आतले राणी रंगाचे होते. सगळी दुपार गेली.

शालीकराम तेव्हाच आला. मी बोलावलं नव्हतं. कापलेले दोरे बघत उभा राहिला.

"मले कोणी विचाराले आलं नाही अजून," तो म्हणाला.

"येणार नाहीत."

"आले तं मी खोटं नाही बोलणार, भाऊ. मी जाळी तुमच्या हाती देल्ली होती."

"दिली होतीस."

"मग साळ्याले कायले लटकवून राहिले?"

मी ब्लेड चालवत राहिलो. तो म्हणाला, "मीही काढाले नाही पाहिजे होतं. रोज मनात येते." मग सायकल घेऊन निघून गेला. माझ्या घरचा चहाही घेतला नाही.

मी तरीही पोलिसांकडं गेलो नाही. आणखी तीन आठवडे गेले. चेन साफ करून तेल लावलं, नवा आरसा बसवला. गाडी कुठं नेली नाही. काम करत राहिलो म्हणजे ते बोलायला लागत नाही, असं काहीतरी असावं.

मग गजेंद्र आला. घरी नाही, शेतात. धुऱ्यावर, बांधावर उभा राहून म्हणाला, "भाऊजी, कोर्टाची तारीख आली. वकील म्हणते लढू. मी कबूल करतो. मीच मारलं बाईले, लढाचं कायले?"

तो वाळला होता. दाढी वाढली होती. चाळीस वर्षांचा माणूस, साठीचा दिसत होता.

मी म्हणालो, "बस इथं."

तो बसला. मी सगळं सांगितलं. जाळी, शालीकराम, पेटी, पोलिसांपुढचा माझा जबाब. तो माझ्या तोंडाकडं पाहत होता. पूर्ण झाल्यावर त्यानं एकच विचारलं.

"जाळी होती?"

"होती."

"नवी गाडी. मले वाटलं, नसनच तिले."

बराच वेळ तो पायाजवळची माती चुरत बसला. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मी रोज पाहून राहिलो भाऊजी. आरशात पाहिलं असतं तं पदर दिसला असता. चाळीसवर असतो तं. त्या नाल्यावर थांबलो असतो पाणी प्याले, बाई म्हणेच थांब. रोज. अन तुमी घरी बसून."

"हो."

"माय मले सपरीत जेवाले देते. ताट ठेवते अन आत जाते. बोलत नाही."

"मी सांगतो सगळ्यांना."

"मायले तुमीच सांगा. मी सांगितलं तं म्हणन, सोताले सोडवून घेऊन राहिला. तिचा माझ्यावर भरोसा नाही उरला."

तो उठून गेला. मला नमस्कार केला नाही. तेवीस वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात गेलो. जाळी पिशवीत घालून नेली. हवालदार चिडला. "पहिले काऊन नाही सांगितलं? आता सगळे कागद फिरवा लागतीन." मी म्हणालो, पोरगी उभी होती. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि नवा कागद घेतला. जाळी ठेवून घेतली. आता माझ्यावर काय होईल ते तो बोलला नाही आणि मीही विचारलं नाही.

संध्याकाळी आचलला फोन केला. सगळं सांगितलं. मी संपवलं तर फोन बंद झाला होता, कधी झाला कळलं नाही. चार दिवसांनी तिचा मेसेज आला. 'मामाशी बोलले.' माझ्याविषयी त्यात काही नव्हतं.

त्या रविवारी मी बसनं अनुसयाबाईंकडं गेलो. गजेंद्र मला पाहून धानाकडं निघून गेला. अनुसयाबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं, आत पाट मांडला. भाकर, लाखोळीची भाजी, स्वतः वाढत होत्या.

"आई, मला काही बोलायचं आहे."

"जेवा पहिले."

मग त्याच बोलायला लागल्या. "गजेंद्रनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मले. तिच्या पायाले लागे म्हणून तुमी पेटी काढून देल्ली. नवी गाडी देल्ली. माझी पोरगी सुखात होती, एवढंच मी धरून बसली जवाई. नाही तं मी कधीची गेली असती." त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्या ताटात आणखी भाकर ठेवली. "असा जवाई कोणाले भेटते."

मी ती भाकर खाल्ली. हात धुतले. बसची वेळ झाली म्हणालो. त्या फाट्यापर्यंत पोचवायला आल्या, आणि वाटेतही मी बोललो नाही.

ह्याला आता सोळा दिवस झाले. कोर्टात कागद गेले आहेत. गजेंद्र अजून सपरीत जेवतो. अनुसयाबाईंना मी अजून सांगितलेलं नाही.