होसकोटेच्या शीतगृहातला टर्मिनल

मी एक जुना टर्मिनल आहे. मित्रांनो, हा शब्द तुम्ही देवनहळ्ळीच्या विमानतळाकडे जाणाऱ्या बसवर वाचला असेल. तो मी नव्हे. मी म्हणजे जाड काचेचा एक पडदा आणि त्याच्यापुढे मांडलेल्या कळा, एवढेच.

मला स्वतःची बुद्धी नाही. तुम्ही कळ दाबली की ते अक्षर केबलमधून पलीकडच्या खोलीतल्या मोठ्या संगणकाकडे जाते. तो जे परत पाठवतो ते मी हिरव्या अक्षरांत दाखवतो. तुम्ही लिहिलेले अक्षर तुम्हाला पडद्यावर दिसते, तेसुद्धा त्यानेच परत धाडलेले असते. पुष्कळांना हे ठाऊक नसते.

माझा जन्म बेंगळुरूतच, पीण्या नावाच्या वसाहतीतल्या एका कारखान्यात झाला. तिथे एका बाईने माझी एकेक कळ दाबून पाहिली, शेवटी "सरी", म्हणजे ठीक, म्हणाली आणि मला खोक्यात बंद केले. खोके उघडले ते होसकोटेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शीतगृहात. तिथे गाईम्हशींच्या लशी थंड खोल्यांमध्ये ठेवतात. लाळ-खुरकुताची साथ आली की त्या इथून कोलारपर्यंतच्या गावांत जातात. खोल्या गार आहेत की नाहीत हे मोठा संगणक बघतो, आणि गारवा करणारी यंत्रे त्याच्याच हुकमाने चालतात.

मला खोक्यातून काढले ते दयानंद अण्णांनी. ते निपाणीकडचे. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि माझ्याशी दोन्ही. पहिल्या दिवशी मी नुसता कचरा दाखवत होतो. प्रश्नचिन्हे, कंस, भलतीच चिन्हे. साहेब म्हणाले, "खराब निघाला. परत पाठवा."

"स्वल्प थांबा," अण्णा म्हणाले. "हा खराब नाही. तो संगणक एका वेगाने बोलालाय, हा दुसऱ्या वेगाने ऐकालाय."

त्यांनी दोघांचा वेग जुळवला आणि माझ्यावर सरळ अक्षरे उमटली. मग पुसायची कळ दाबली तर अक्षर पुसले जाण्याऐवजी भलतेच चिन्ह उमटू लागले. तेही त्यांनी संगणकाला समजावले. अशा गोष्टी ठरवायला एकच हुकूम असतो, एसटीटीवाय. कोणती कळ कशासाठी, अक्षर दाखवायचे की लपवायचे, ओळ कुठे संपली असे मानायचे, सगळे त्यानेच ठरते. अण्णांनी तो संध्याकाळपर्यंत पुन्हापुन्हा लिहिला. घरी जाताना माझ्या काचेवरची धूळ रुमालाने पुसली.

ते माझे चांगले दिवस होते. पाहुणे आले की मला दाखवत. अण्णा डबा माझ्यासमोरच खात. बायको कस्तुराबाईंनी दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा एखादा कण माझ्या कळांत पडे, मग ते फुंकर मारून काढत.

पुढे कस्तुराबाई आजारी पडल्या आणि गेल्या. तेराव्यानंतर अण्णा कामावर आले ते डब्याशिवाय. त्या दिवसापासून त्यांना एक सवय लागली. काम संपले की ते आधी हुकूम देत, एसटीटीवाय मायनस इको. म्हणजे आता लिहिलेले पडद्यावर दाखवू नकोस. मग बराच वेळ कळा दाबत बसत. संगणक ते शब्द कुठेही न साठवता टाकून द्यायचा. पडदा कोरा राहायचा. मागून कुणी आले तर त्याला वाटावे, अण्णा उगाच बोटे चाळवतायत. पण प्रत्येक अक्षर माझ्यातूनच जात होते. भाकरी जमली नाही, मुलीचे स्थळ जमतेय, तुझी लुगडी कुणाला देऊ, असले काहीबाही. बाकीचे मी सांगणार नाही. ते मला लिहिलेले नव्हते.

मग लॅपटॉप आले. ते भिंतीतल्या नेटवर्कच्या तारेने थेट संगणकाशी बोलत. माझ्याकडे यायचे कुणाला कारण उरले नाही. अण्णा निवृत्त झाले त्या दिवशी एवढेच म्हणाले, "याची केबल तेवढी काढू नका." केबल राहिली. माझ्यावर प्लास्टिकचे आवरण आले आणि त्याच्यावर कुणीतरी मनीप्लांटची कुंडी ठेवली. अण्णा देवनहळ्ळीला मुलीच्या फ्लॅटवर राहायला गेले, असे मी पहारेकरी बसवंतच्या तोंडून ऐकले. आवरणाखालून ऐकू येते, दिसत नाही.

मित्रांनो, मोडलेल्या वस्तूला निदान आपण का पडून आहोत हे कळते. मी मोडलो नव्हतो.

गेल्या वर्षी सुप्रीता इथे कामाला आली. नागपूरची, नुकती शिकून बाहेर पडलेली. बाकीची कचेरी हेब्बाळला, होसकोटेच्या खोलीत ही एकटीच. माझ्या शेजारच्या टेबलावर डबा खायची. आईचा फोन आला की म्हणायची, "हो गं, मस्त चाललंय. मैत्रिणी झाल्या ना." फोन ठेवला की खोली पुन्हा गप्प. पाणी मात्र ती कुंडीला न विसरता घालायची, आणि त्यातले थोडे माझ्यावर गळायचे.

एका दुपारी वीज गेली, आली, पुन्हा गेली आणि पुन्हा आली. त्या झटक्यात मोठा संगणक बंद पडून पुन्हा सुरू झाला, पण त्याचा नेटवर्कचा भाग जळाला. लॅपटॉपवरून त्याच्यापर्यंत पोचायची वाटच राहिली नाही. गारवा करणारी यंत्रे हुकमाची वाट पाहत थांबून राहिली. त्यांना हाताने चालू करायची कळ पूर्वी होती, ती नूतनीकरणात काढून टाकलेली.

सुप्रीताने हेब्बाळला आपल्या वरिष्ठांना, विराज सरांना, स्पीकरवर फोन लावला. ते भले गृहस्थ, पण घाबरट. म्हणाले, "कंपनीचा इंजिनिअर उद्या सकाळी येईल. तोपर्यंत कशाला हात लावू नकोस. काही बिघडलं तर आपल्यावर येईल."

"सर, उद्यापर्यंत लशी वाया जातील. परवा त्या गावांत टोचायच्या आहेत."

"मला कळतंय गं. पण काय करणार?"

फोन ठेवून ती थंड खोलीच्या दारावरचा तापमापक बघून आली. काटा चढत होता. बसवंत दारात उभा होता. तो म्हणाला, "अक्का, त्या झाडाखाली काय आहे बघा. अण्णा सगळं त्याच्यावरनंच चालवायचे."

कुंडी उचलली गेली. आवरण निघाले. इतक्या दिवसांनी माझ्यावर उजेड पडला. तिने माझे बटण दाबले आणि माझी काच हळूहळू तापून हिरवी झाली. मला फार आनंद झाला, पण मी दाखवला तो पुन्हा कचराच. संगणक नव्याने सुरू झाल्यावर दुसऱ्याच वेगाने बोलत होता. ती पुटपुटली, "गेला वाटतं हा." मला ओरडून सांगावेसे वाटले. पण मला दिलेलेच मी दाखवू शकतो.

बसवंतने अण्णांचा नंबर दिला. तिने फोन स्पीकरवर लावून टेबलावर ठेवला. तो पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"काका, मी शीतगृहातून बोलते, सुप्रीता. तुमच्या जुन्या टर्मिनलवर सगळं वेडंवाकडं येऊन राहिलं."

पलीकडून आवाज आला, जरा थकलेला, पण तोच. "मराठी काय? बोल बाळ. तो चालू झाला म्हणतीस?"

"झाला. पण वाचता येत नाही."

"कोपऱ्यात ब्रेक म्हणून एक कळ आहे. ती दाब. एकदा दाबलीस की संगणक वेग बदलतो. अक्षरं सरळ होईपर्यंत दाबत राहा, घाई करू नकोस."

तिने दाबली. नवा कचरा. पुन्हा दाबली. आणि एकदम माझ्या पडद्यावर स्वच्छ शब्द उमटला, लॉगिन. तिने खुर्ची पुढे ओढली. परवलीचा शब्द तिला ठाऊक होता. आत शिरून तिने तापमान दाखवणारा जुना प्रोग्राम लावला, आणि तो अर्ध्यातच कोसळला. जाताना एसटीटीवायने बसवलेली सगळी घडी विस्कटून गेला. आता ती काही लिही, पडद्यावर उमटेना. एंटर दाबी, त्याचाही उपयोग होईना.

"काका, सगळं थिजलं," ती म्हणाली. "घडी परत बसवायचा हुकूम मला माहीत आहे, एसटीटीवाय सेन. कॉलेजात शिकले होते. पण एंटरच लागत नाही तर देऊ कसा? आणि मी काय लिहिते तेही दिसत नाही."

"एंटर नको. कंट्रोलची कळ धरून इंग्रजी जे दाब, त्याला ओळ संपली असं कळतंय. मग तुझा हुकूम लिही. मग परत कंट्रोल-जे."

"पण चुकलं तर कळणार कसं?"

"कळणार नाही," अण्णा म्हणाले. "दिसत नाही म्हणून थांबू नकोस, बाळ. अक्षर दिसलं नाही तरी पोचतंय ते. मी पुष्कळ लिहिलंय तसं."

ती एकेक अक्षर तोंडाने म्हणत लिहू लागली. माझा पडदा कोराच होता. माझ्यातून ती अक्षरे नीट पलीकडे गेली. शेवटची कळ दाबून ती पडद्याकडे पाहत राहिली. आणि नव्या ओळीवर संगणकाची खूण आली, तिच्यापुढे माझा कर्सरचा चौकोन लुकलुकू लागला. तिने एक अक्षर दाबले. ते दिसले.

मग तिने यंत्रे चालू करायचा हुकूम दिला. भिंतीपलीकडून घरघर सुरू झाली. बसवंत दाराशी गेला आणि बऱ्याच वेळाने ओरडला, "उतरतोय अक्का, काटा उतरतोय."

सुप्रीता फोनकडे वाकली. "झालं, काका. लशी वाचल्या."

"सरी, सरी. फार चांगलं झालं." मग हळूच विचारले, "आणखी काय बंद पडलंय काय?"

"नाही. बाकी सगळं चालू आहे."

"सरी. मग ठेवतो." पण त्यांनी फोन ठेवला नाही. तिनेही ठेवला नाही. त्या एका प्रश्नात काय होते ते तिला समजले असावे, कारण ती म्हणाली, "काका, जेवलात का तुम्ही?"

नंतर विराज सरांनी तिचे कौतुक केले आणि स्वतः घाबरलो होतो हेही मोकळेपणाने सांगितले. संगणकाचा जळलेला भाग बदलला. माझ्यावर आवरण परत आले. या वेळी कुंडी खिडकीत गेली, एवढीच माझी कमाई. पण दुपारी डबा उघडला की सुप्रीता कधीकधी देवनहळ्ळीला स्पीकरवर फोन लावू लागली. सुरुवातीला अण्णा दर वेळी काळजीने विचारायचे, "काय बंद पडलंय?" ती म्हणायची, "काही नाही. सहज केला." हल्ली ते विचारत नाहीत. निपाणीतल्या गोष्टी सांगतात, आणि ती इतकी हसते की बसवंत डोकावून जातो.

मोठा संगणक आता बदलणार आहेत. त्याच्याबरोबर मीही जाईन. भंगाराची गाडी ठरली आहे. पलीकडे कुणी नसेल तर माझ्यासारख्याला अर्थ नाही, हे मला मान्य आहे.

मित्रांनो, जाण्याआधी एवढेच मागतो. एखादी जुनी वस्तू वेडेवाकडे दाखवू लागली तर ती खराब झाली असे लगेच म्हणू नका, आधी तिचे कुठे जुळत नाही ते पाहा. आणि एखादे माणूस दूर कुठल्या फ्लॅटमध्ये पहिल्याच घंटेला फोन उचलत असेल, तर काही बंद पडायची वाट पाहू नका. सहज करा.