दहा मिनिटांची वाळू

"अडकली पुन्हा. आपलं दोघींचं वय झालं गं," असं पुटपुटत बाईंनी बोटाच्या पेराने माझ्या कमरेवर टकटक केलं. वाळू सुटली.

मित्रांनो, मी एक जुनं वाळूचं घड्याळ आहे. बाई मला 'गं' म्हणतात, मला ते आवडतं. मी राहते कायदे करणाऱ्यांच्या वरच्या सभागृहात, अध्यक्षांच्या मेजावर. खालच्या सभागृहाने घाईत काही केलं असेल, तर वरच्याने ते शांतपणे पुन्हा पाहायचं, अशी रीत आहे. बाई इथल्या लेखनिक. सभासद बोलायला उठला की त्या मला उलटं करतात. वाळू पडेपर्यंत त्याला कोणी थांबवायचं नाही, आणि त्यानेही खाली बसायचं नाही. बसला, तर त्याने सुचवलेल्या दुरुस्त्या रद्द.

एका कारागिराने भट्टीपाशी गाल फुगवून मला फुंकलं. त्याच्या बायकोने वाळू भाजून सात वेळा चाळली आणि कमरेच्या जोडावर मेण ओतलं. पूर्वी पाहुणे आले की अध्यक्ष आधी मला दाखवायचे. मग भिंतीवर विजेचं घड्याळ आलं. मला पुसायचे सगळे, पण मेण तडकलं ते कोणी पाहिलं नाही. तिथून ओल शिरते आणि वाळू चिकटते. मित्रांनो, तुमच्या घरात मुकाट्याने काम करणाऱ्याला नुसतं फडकं मारून भागत नाही. त्याचं काय दुखतंय, तेही अधूनमधून बघा.

यंदा एक कायदा आला. जन्मताच दुसऱ्यांच्या घरी दिलेल्या मुलांना आईबापांची नावं कळावीत, म्हणून अनाथालयांच्या जुन्या वह्या उघडायच्या. खालच्यांनी तो एका दुपारी मंजूर केला. वर मात्र तीन आठवडे गेले. कोणी म्हणे कागद जीर्ण आहेत, कोणी म्हणे शाई वाचता येत नाही. सर्वांत पुढे होते दुरुस्ती आजोबा. हे नाव शिपायांनी ठेवलेलं, कारण त्यांनी एकट्याने एकेचाळीस दुरुस्त्या सुचवल्या होत्या. वर्तमानपत्रं वेळकाढूपणा म्हणत. आजोबा म्हणत, हा विचारीपणा.

बाई काहीच म्हणत नसत. लेखनिकाने मत द्यायचं नसतं. फक्त मला पुसताना एकदा हळूच म्हणाल्या, "माझंही नाव आहे गं तसल्या एका वहीत. आई असलीच, तर ऐंशीच्या पुढे असेल. तिला कुठे तुझ्यासारखं उलटं करून परत सुरू करता येतंय?"

अधिवेशनाचा शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी सहापर्यंत मतदान झालं नाही, तर कायदा बारगळणार होता. सहाला वीस मिनिटं उरली असताना आजोबा चाळिसावी दुरुस्ती घेऊन उठले. बाईंनी मला उलटं केलं. आजोबा वह्यांच्या पुठ्ठ्यांवर बोलले, कुलपांवर बोलले, वाळवीवर तर फारच मनापासून बोलले. मागच्या बाकावर कोणीतरी घोरत होतं.

आणि माझी वाळू अडकली.

आजोबांचे कागद संपले. ते पाणी प्यायले, त्यांनी चष्मा पुसला, माझ्याकडे पाहिलं. वरच्या कप्प्यात अजून मूठभर वाळू. पुठ्ठ्यांवर पुन्हा बोलायला गेले, तर वाक्य अर्ध्यातच विरलं. बोलायला काही उरलं नव्हतं आणि बसताही येत नव्हतं. घोरणाराही जागा झाला.

मी मनात म्हटलं, बाई, आज नका टकटक करू. पण बाईंचं बोट नेहमीसारखं पुढे आलं. तीस वर्षांची नोकरी होती ती.

आजोबांनी ते बोट पाहिलं.

"राहू द्या, बाई," ते म्हणाले. "अडकू दे तिला."

मग त्यांनी सगळ्या बाकांवरून नजर फिरवली. पुष्कळ जणांनी माना खाली घातल्या.

"कागद जीर्ण नाहीत," आजोबा म्हणाले. "त्या वह्यांमध्ये आपली नावं आहेत. माझं तरी आहे. मुलगी होती. मी तिला एकदाही उचलून घेतलं नाही."