गवती चहा, मुळं वर

गवती चहाचे तीन ठोंब, मातीसकट, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले.

सॅक्सोफोनची वेताची पट्टी, प्रयोंगच्या जिभेवर भिजत पडलेली.

डोंगराच्या अंगाला एक ढग. शिळ्या माकूळ मासळीसारखा जांभळट.

आणि खाणावळवाली लमून, ठोंबांसमोर अजून उभीच.

"मावशी, रोव की गं! का मुहूर्त काढून आणू विहारातून?"

ड्रम वाजवणारा थविन स्टेजवरून ओरडला तशी खुर्च्या मांडणारी माणसं हसली. लमून वाळूत उकिडवी बसली.

प्राणबुरीत उघड्यावर काहीही असलं, लग्न असो की हा किनाऱ्यावरचा जॅझचा उत्सव, पाऊस अडवायला गवती चहा उलटा रोवतात. शेंडा जमिनीत, मुळं आभाळाकडे. रोवणारी मात्र पुरुषाचा हात न लागलेली हवी. तरण्या पोरींना त्यांच्या आया पुढे करत नाहीत. न जाणो, एखादी सर आलीच तर पोरीचं लग्न कोण जमवणार? म्हणून लमून. चोपन्न वर्षांची, बिनलग्नाची. तिला कुणी विचारतसुद्धा नाही, ठोंब सरळ हातात देतात.

मागच्या साली ती भावाच्या अंत्यविधीला राचबुरीला गेली होती. नेमका उत्सवात पाऊस आला. वेळ कमी पडला, आणि बँकॉकहून आलेल्यांना जागा करून द्यायला सगळ्यात आधी कापला गेला तो गावचा बँड.

गावचा बँड म्हणजे थविन, प्रयोंग आणि आणखी दोघं. दर शनिवारी ते लमूनच्या खाणावळीत वाजवतात. ऐकायला चार मासेमार, वाट चुकलेला एखादा गोरा, आणि मांजरं. "कराओके ठेव, बसायला जागा उरणार नाही," असं सांगून सगळे थकले. लमून म्हणते, "मला वाजवलेलं ऐकायचंय. केकाटायचं असेल त्यांनी आपापल्या घरी केकाटावं." या माणसांसमोर गर्दी असते ती वर्षातून एकदा. आज.

आणि या जूनपासून लमूनला गवती चहा रोवायचा हक्क उरला नव्हता.

हे दोघांनाच ठाऊक होतं. त्यातला दुसरा स्टेजच्या पायरीवर बसून पट्टी चोखत होता आणि तिच्याकडे बघत नव्हता.

नाही म्हणावं? नाही म्हणणं म्हणजे लाउडस्पीकरवरून सांगणं.

रोवावं? आणि कोसळला तर? थविन आधी हसेल. मग हसता हसता थांबेल. मग एकेक मान वळेल. उद्या बाजारात बायका तिच्या टोपलीकडे न बघता तिच्या पोटाकडे बघतील.

तिचा या गोष्टींवर विश्वास नव्हता. भीतीला त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

पहिला ठोंब. दुसरा. बोटांतून वाळू गळत होती. तिसरा आडवाच झाला, तो तिने दोन्ही हातांनी धरून ठेवला. ओठांतल्या ओठांत ती एवढंच म्हणत होती: यांचं वाजवून होऊ दे. मग माझं काय करायचं ते कर.

वारा फिरला. कुणीतरी स्पीकरवर प्लास्टिक टाकायला धावलं.

"काय गं लमून," सुकं माकूळ भाजत बसलेली तिची बालमैत्रीण नुअल ओरडली, "आभाळाला तुझी ओळख पटत नाहीये वाटतं!"

"तुझा धूर आवर आधी! त्याला दिसतंय कुठे?" लमून ओरडली. सगळे हसले.

थेंब.

एकच. तिच्या मनगटावर. दुसऱ्या हाताने तिने तो दाबून धरला, एखादा डाग लपवावा तसा. आजूबाजूला बघितलं. कुणाचं लक्ष नव्हतं. प्रयोंगचं होतं. त्याच्या तोंडातली पट्टी खाली पडली.

ती तशीच बसून राहिली, मनगट मुठीत घेऊन. पुढचा थेंब आला नाही. ढग डोंगर धरून उत्तरेला सरकला, समुद्रावर ऊन पडलं, खुर्च्या भरल्या.

मग ते वाजवायला लागले. शनिवारी मांजरांसमोर वाजवतात तसंच. प्रयोंगने एक सूर इतका लांबवला की मागे भजी खाणारे खायचे थांबले. माणसं उभी राहिली. लमूनने मनगट सोडलं तेव्हा त्यावर चार बोटं उमटली होती.

थविनने माइक ओढून घेतला. "मंडळी, हे आभाळ कुणी दिलंय माहितीये? आमच्या लमूनमावशीने! उभी राहा मावशी! बघून घ्या, अख्ख्या प्राणबुरीत खात्रीची अशी ही एकच बाई! पुढच्या वर्षी हीच. त्याच्या पुढच्या वर्षीही हीच!"

हशा. टाळ्या. शिट्ट्या.

लमून उभी राहिली. प्रयोंगने सॅक्सोफोन गळ्यात लोंबता सोडला आणि तोही टाळ्या वाजवायला लागला. सगळ्यांच्या मागून, हळू, तिच्याकडे बघत. ती बघत होती ते त्याचे हात. आता तिला पावसाची भीती वाटत नव्हती. पुढच्या वर्षीच्या निरभ्र आभाळाची वाटत होती; तेही तिच्या बिनलग्नाच्या नावावरच जमा होणार होतं.

तिने तळवे जोडले, कपाळाशी नेले आणि चारी बाजूंना वाकून नमस्कार केला.

लग्नाचं प्रयोंगने जुलैतच विचारलं होतं. नाही म्हणाली ती लमून.