फटफट आणि टिण्

मित्रांनो, कल्याण–भिवंडी रस्त्यावर कोन नावाचं गाव आहे. तिथल्या एका घराच्या पडवीत निळ्या कापडाखाली जी स्कूटर झाकून ठेवलेली असते, ती मी. कापड उचललंत तर तुम्ही म्हणाल, ही तर कालच दुकानातून आणलेली दिसते. तसं नाही. मी फार जुनी आहे. माझा जन्म झाला तेव्हा स्कूटर हवी असेल तर आधी नाव नोंदवावं लागे आणि मग वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. आज माझ्या अंगावर जो नवेपणा दिसतो, तो माणसांनी मोठ्या आवडीने मला दिला आहे. त्या आवडीत माझी एक गोष्ट निघून गेली. तिच्याबद्दल मला सांगायचं आहे.

कारखान्यात पोलादी पत्रा साच्यात दाबून माझं अंग घडवलं गेलं. त्यावर फिकट हिरवा रंग चढला. डाव्या मुठीत गिअर, पायाशी किक, पाठीवर स्टेपनी आणि पोटात पेट्रोलबरोबर ऑइल मिसळून पिणारं टू-स्ट्रोक इंजिन. मला घरी आणलं ते तुळशीराम यांनी. ते भिवंडीत कापड विणायचे लूम दुरुस्त करणारे मिस्त्री होते. त्यांच्या पत्नीने, हौसाबाईंनी, माझ्या पुढच्या चाकापाशी नारळ फोडला आणि हॅन्डलला हार घातला. त्यांचा लहानगा केसरीनाथ पुढे उभा राहून तोंडाने हॉर्न वाजवत होता. माझा हॉर्न वाजवायची त्याला परवानगी नव्हती.

मी कामाला लागले. तुळशीरामना ड्युटीवर न्यायचं, लूमचे सुटे भाग आणायचे, भाताचं पोतं, गॅसचा सिलिंडर, पावसाळ्यात एकदा तर खाडीतून पकडलेल्या निवट्या माशांची बादली. ती सांडली, आणि त्यानंतर कितीतरी दिवस गल्लीतली मांजरं माझ्याभोवती बसून राहत.

रविवारचं काम मात्र ठरलेलं होतं. हौसाबाईंची थोरली बहीण आनंदीबाई वळ गावात राहत. दर रविवारी जेवणं उरकली की हौसाबाई पदर खोचून मागच्या सीटवर एका बाजूला बसत आणि आम्ही वळला जात असू. दोघी बहिणी ओट्यावर बसून संध्याकाळपर्यंत बोलत. काय बोलत, ते मला माहीत नाही. मी अंगणात स्टँडवर असे, आणि मला फक्त त्यांचं हसणं ऐकू येई.

अशाच एका रविवारी वळच्या रस्त्यावर दगड लागून माझा सायलेन्सर फाटला. तुळशीरामनी नवा आणला नाही. लूमच्या लोखंडी पट्टीचा एक तुकडा त्यांनी त्या भोकावर बसवला आणि पट्ट्याने आवळला. पट्टी बसली, पण पुरती बसली नाही. तेव्हापासून मी चालले की फटफट, फटफट आणि मधेच एक टिण् असा आवाज येऊ लागला. तुळशीराम म्हणाले, "वाजूदे. लूमपेक्षा कमीच वाजतंय."

वर्षं गेली. तुळशीराम गेले. केसरीनाथ मोठा झाला, वळच्या बाजूच्या एका गोदामात सुपरवायझर म्हणून लागला आणि त्याने मोटारसायकल घेतली. मी पडवीच्या कोपऱ्यात गेले. माझ्या सीटवर कोंबडी अंडी घालू लागली. हौसाबाईंचे गुडघे दुखू लागले होते. मोटारसायकलवर पाय टाकणं त्यांना जमेना. त्या रिक्षाने वळला जात, पण दर रविवारी नाही. इकडे आनंदीबाईंची दृष्टी गेली. मग हळूहळू आठवणही जाऊ लागली. आज काय जेवलो ते त्या विसरत. पुढे पुढे घरातल्यांची नावंही त्यांच्या हाताला लागेनात.

माझं नशीब पालटलं ते एका सकाळी. केसरीनाथ चहा पीत दारात उभा होता. रस्त्यावरून जुन्या स्कूटरींची रांगच्या रांग गेली. पिवळी, निळी, करडी, धूर सोडणारी. केसरीनाथ कप हातात तसाच धरून रस्त्यापर्यंत धावला. ते भिवंडीतल्या जुन्या स्कूटरप्रेमींचं मंडळ होतं. त्याच दुपारी त्याने कोंबडीला उठवलं, प्लग घासला, टाकी धुतली, मला एका अंगावर कलंडवून पुन्हा उभं केलं आणि किक मारली. कितीतरी किका मारल्यावर मी खोकले. मग म्हणाले, फटफट, फटफट, टिण्.

आतून हौसाबाई भिंतीला धरत बाहेर आल्या. माझ्या सीटवरची धूळ पदराने पुसली आणि म्हणाल्या, "वळला नेतोस का रे?"

आम्ही गेलो. वळ आता ओळखू येत नव्हतं. भातखाचरांच्या जागी गोदामं उभी होती, दिवसभर ट्रेलर घरघरत होते, हॉर्न ओरडत होते. एवढ्या गोंगाटात आम्ही वळणावर पोचतो न पोचतो तोच आनंदीबाई ओट्यावरून ओरडल्या, "रीमा, च्या ठेव गो! हौसा आयली!"

रीमा ही त्यांची नात. ती धावत बाहेर आली. आजीने कितीतरी महिन्यांत कोणाचं नाव घेतलं नव्हतं. हौसाबाई ओट्यावर चढल्या तेव्हा आनंदीबाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि रागावल्या, "तुलशीला सांग, गाडी हळू हाकत जा."

तुळशीराम नाहीत हे कोणी त्यांना सांगितलं नाही.

त्यानंतर आमचे रविवार सुरळीत झाले. सकाळी मंडळाबरोबर फेरी आणि दुपारी वळ. मंडळाच्या रीती मला फार आवडल्या. सगळ्यात हळू चालणारी स्कूटर सगळ्यात पुढे, म्हणजे कोणी मागे पडत नाही. एक बंद पडली की सगळ्या थांबतात. कोणाच्या डिक्कीत केबल असते, कोणाकडे प्लग, कोणाकडे नुसताच सल्ला. अंबाडीच्या नाक्यावर मिसळ खायची आणि एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवायची.

मंडळाचा म्होरक्या हरेश. कोणत्या सालच्या स्कूटरला कोणता स्क्रू होता हे त्याला पाठ. स्कूटर मुळात जशी होती तशीच असावी, हा त्याचा हट्ट. माझा आवाज ऐकला की तो हात जोडे.

"केसरी, स्कूटर आणलीस का लूम आणलास?"

"बापाचं काम हाय ते."

"बापाला माझा नमस्कार. पण हा टिण् काढ रे बाबा! अंबाडीत आपण येतोय हे लोकांना भिवंडीतच कळतं."

सगळे हसत. केसरीनाथही हसे, पण मला पुसताना त्याचा हात सायलेन्सरपाशी आला की थांबे. त्यातच एकदा वळला रीमा सहज म्हणाली, "काका, तुमची गाडी लांबूनच कळते हां आजीला." ती कौतुकाने म्हणाली होती. केसरीनाथला तो टोमणा वाटला. तो ओशाळून म्हणाला, "सगळ्या गावालाच कळते. करतो काहीतरी."

मला बोलता आलं असतं तर मी तिथेच बोलले असते.

जुन्या गाड्यांचं एक प्रदर्शन जाहीर झालं. केसरीनाथने मला गॅरेजमध्ये दिलं. माझा रंग खरवडला, पत्रा ठोकून सरळ केला, रबरं बदलली. मूळचा तो फिकट हिरवा जुळवायला हरेश तीनदा रंगाच्या दुकानात गेला. सायलेन्सरही त्यानेच मिळवला. कुठल्याशा बंद पडलेल्या दुकानात माझ्याच सालचा, कागदात गुंडाळलेला, कधीच न वापरलेला. केसरीनाथने हरेशला मिठीच मारली. जुना सायलेन्सर गॅरेजच्या दारात पडला आणि भंगारच्या हातगाडीत गेला. कोणी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

तेवढ्या काळात हौसाबाई एकदाच रिक्षाने वळला जाऊन आल्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "बाय जरा गप गप होती. सारखी विचारत होती, गाडी न्हाय वाजली?" केसरीनाथ मोबाइलवर माझे फोटो पाहत होता. म्हणाला, "आता बघ कशी वाजते, आई."

प्रदर्शनात मला पहिलं बक्षीस मिळालं. लोक माझ्याबरोबर फोटो काढत होते. परीक्षक म्हणाले, ही स्कूटर कधी रस्त्यावर आलीच नाही असं वाटतं. त्यांनी ते स्तुती म्हणून सांगितलं. मला मात्र माझी सगळी वर्षं कोणीतरी पुसून टाकल्यासारखं वाटलं.

पुढच्या रविवारी आम्ही वळला निघालो. हौसाबाईंनी इस्त्रीची साडी नेसली होती. माझ्या आवाजात टिण् नव्हता. एक मऊ, एकसारखा आवाज, तोही ट्रेलरच्या घरघरीत बुडून जात होता. वळण आलं. ओट्यावरून कोणी हाक मारली नाही. आम्ही अंगणात शिरलो, केसरीनाथने इंजिन बंद केलं. आनंदीबाई समोरच बसल्या होत्या, रस्त्याकडे कान करून.

हौसाबाईंनी त्यांचा हात धरला. "बाय, मी आले."

"कोण?"

"अगो, मी हौसा."

आनंदीबाईंनी हात अलगद सोडवून घेतला. "हौसा न्हाय. हौसा गाडीवर येते."

"गाडीवरच आले ना बाय. ही काय गाडी, नवीन केलीय पोराने."

"हौसाची गाडी मी वलखते," आनंदीबाई म्हणाल्या. "ती अजून आली न्हाय. येल. बस तू."

केसरीनाथ माझ्यापाशी उभा होता. किल्ली त्याच्या हातात तशीच राहिली. मग त्याने ती पुन्हा लावून किक मारली. एकदा, दोनदा, आवाज वाढवून पाहिला. आनंदीबाईंनी मान वळवली नाही. रीमाने दारातून हळूच सांगितलं, "काका, तिला त्या टिण्वरनं कळायचं."

परत येताना माझ्या चकचकीत आरशात मला हौसाबाईंचा चेहरा दिसत होता. तो आरसाही नवा होता.

दुसऱ्या दिवशी केसरीनाथ भंगारवाल्याकडे गेला. माल पुढे गेला होता. त्याने मंडळाच्या ग्रुपवर सगळं लिहिलं. त्या रविवारी फेरी निघालीच नाही. एक थांबला की सगळे थांबतात. सगळ्या स्कूटरी भिवंडीतल्या भंगारच्या दुकानांसमोर उभ्या राहिल्या आणि एवढी माणसं काळे हात करून ढिगाऱ्यात सायलेन्सर शोधत राहिली. पुष्कळ सापडले. माझा नव्हता.

मग हरेशने स्वतःच्या स्कूटरचा गंजका सायलेन्सर काढून दिला. केसरीनाथने त्याला भोक पाडलं, लूमची पट्टी आणून आवळली. किक मारली. सगळे डोळे मिटून ऐकू लागले.

"टिण् जरा उशिरा यायचा," एक जण म्हणाला.

"आणि एवढा जाड नव्हता."

"थांबा," हरेश म्हणाला आणि तोंडाने आवाज काढून दाखवला, फटफट, फटफट, टिण्. अगदी तंतोतंत. या आवाजाला सगळ्यात जास्त हसणाऱ्या माणसाच्या तो सगळ्यात नीट लक्षात राहिला होता. त्या दिवशी मात्र कोणी हसलं नाही. पट्टी सैल करून पाहिली, घट्ट करून पाहिली, तासून पाहिली. उन्हं कलली तेव्हा हरेश म्हणाला, "आता याच्या पुढे न्हाय जमत रे केसरी."

घरून हौसाबाईंना घेऊन आम्ही तसेच वळला गेलो. वळणावर आनंदीबाईंनी मान वर केली. त्यांचा हात हवेत उचलला गेला. हौसाबाईंनी माझी सीट घट्ट धरली. आनंदीबाई बराच वेळ ऐकत राहिल्या. मग त्यांनी हात खाली घेतला.

"हौसाच्या गाडीसारखी हाय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाची तरी हाय. रीमा, च्या ठेव, पावनी आयली."

हौसाबाई ओट्यावर चढल्या आणि पाहुणीसारख्या बसल्या. थोड्या वेळाने आनंदीबाई त्यांच्याकडे सरकल्या. "माझी भन येते रविवारची. तू थांब, तुला भेटवते."

"थांबते ना," हौसाबाई म्हणाल्या. "लय बोलते का तुमची भन?"

"बोलते? तिचा तोंड थांबत न्हाय!" आनंदीबाई हसल्या. "ल्हानपणी चिंचेवरनं पडली, तरी बोलतच पडली."

हौसाबाईही हसल्या. अंगणातून मला ते हसणं पूर्वीसारखंच ऐकू आलं. पण आता त्यातली एक पाहुणी होती.

अजूनही आम्ही दर रविवारी जातो. आनंदीबाई त्या पाहुणीला आपल्या बहिणीच्या गोष्टी सांगतात आणि हौसाबाई स्वतःचं लहानपण तिसऱ्याच कोणाचं असावं तसं ऐकतात. तो कोरा सायलेन्सर घरी कपाटावर कागदात गुंडाळून ठेवला आहे. पुढच्या प्रदर्शनाला केसरीनाथने मला नेलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात जुनं घड्याळ असेल, कुरकुरणारा पाळणा असेल, वाजणारी सायकल असेल. आम्हाला तेलपाणी करा, गंज काढा, धुळीत टाकू नका. कोंबडीखाली काढलेली वर्षं मी विसरलेले नाही. पण आमच्यातला एखादा ओरखडा किंवा आवाज काढून टाकायचा असेल, तर एकदा घरात सगळ्यांना विचारा. जे फार बोलत नाहीत, कोपऱ्यात बसून असतात, त्यांना आधी विचारा. आमचं काय त्यांच्या उपयोगाचं आहे ते आम्हाला सांगता येत नाही, आणि पुष्कळदा त्यांनाही सांगता येत नाही.

वळच्या अंगणात पोचलो की केसरीनाथ आता इंजिन लगेच बंद करत नाही. हौसाबाई उतरून ओट्याकडे जातात, तरी तो मला तशीच चालू ठेवतो आणि मावशीच्या तोंडाकडे बघत राहतो. फटफट, फटफट, टिण्. मग हौसाबाई मागे वळून हाताने खूण करतात, आणि तो किल्ली फिरवतो.