कबुतरांना सक्त मनाई

फाटकावरची नवी पाटी वाचून विल्फ्रेडच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘या मळ्यात कबुतरे पाळणे प्रोहिबिटेड आहे.’ वाफे भाड्याने देणाऱ्या त्या सामायिक भाजीमळ्यात कबुतरं एकट्या त्याचीच होती. शर्यतीची कबुतरं. बायको गेल्यापासून तीच त्याचं घरदार होती.

साधं ‘पाळू नकोस’ म्हणायचं तर कुणीतरी समोर उभं राहावं लागतं. ‘प्रोहिबिटेड’ लिहिलं की कुणालाच तोंड दाखवावं लागत नाही. यॉर्कशायरच्या माणसांना म्हणूनच तो शब्द फार सोयीचा. मळ्याच्या समितीचा चिटणीस नॉर्मन कालच त्याच्याकडे दोन कप चहा ढोसून गेला होता. बोलला कशावर, तर हवापाण्यावर!

विल्फ्रेड तडक त्याच्या वाफ्यावर गेला.

“काय रे, तोंडावर सांगायला जीभ झडली होती?”

“मी कोण सांगणारा? समितीचा ठराव आहे.”

“समिती म्हणजे तूच ना रे!”

“बैठकीला तूही होतास, विल्फ. कुणाची हरकत आहे का, विचारलं होतं. तू म्हणालास, माझी काळजी करू नका, चालू द्या.”

विल्फ्रेडला ते आठवलं. म्हणाला होता खरा. माणूस असं म्हणतो ते पुन्हा विचारावं म्हणून, हे काय नॉर्मनला ठाऊक नव्हतं? पण कुणी पुन्हा विचारलं नाही, आणि तमाशा नको म्हणून हाही मूग गिळून बसला. आता स्वतःचाच संताप त्याला आवरेना.

खुराडं मोडलं. कबुतरं लांबच्या गावी एकाला दिली. चारच दिवसांत म्हातारी करडी मादी तिथून निसटून परत आली आणि त्याच्या वाफ्यात शेंगांच्या वेलाला लावलेल्या काठीवर बसली.

“हिला हाकलायला हवं, विल्फ,” नॉर्मन बुटांकडे बघत म्हणाला. “नियम आहे.”

“मग हाकल की!”

नॉर्मन पुढे झाला, थांबला, आणि म्हणाला, “चहा टाकू का?”

शेवटी विल्फ्रेडच गेला. ती उडून त्याच्या हातावर आली.

“जा गं,” तो म्हणाला. “तुला इथे राहता येणार नाही.”

ती त्याच्या कोटाच्या बाहीत डोकं खुपसून बसली.