शिवणयंत्राच्या झाकणातले घर

ज्या सकाळी माझ्या आत पिल्लू नाही हे कळले, त्या सकाळी मालक परसातल्या ओल्या मातीत गुडघे टेकून बसले आणि त्यांनी माझ्यात हात घातला. हात या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फिरला. वाटीतले खाणे आदल्या संध्याकाळी ठेवले तसेच होते. हात बाहेर काढायचेही त्यांना सुचेना.

मित्रांनो, मी एका जुन्या शिवणयंत्राचे लाकडी झाकण आहे. ज्या सुताराने मला घडवले त्याने माझी पाठ गोलसर वाकवली आणि वर पितळी मूठ बसवली. मालकीणबाई त्या यंत्रावर गल्लीभराचे कपडे शिवत. नवे असताना माझे फार कौतुक झाले. कपडे न्यायला आलेली मुले माझ्यावर ताल धरत. पुढे काम इतके वाढले की यंत्र झाकायला वेळच उरला नाही. मी टेबलाखाली जाऊन पडलो. येता-जाता मालकांचा अंगठा माझ्यावर आपटे आणि ते म्हणत, "हे झाकण एक दिवस चुलीत घालीन."

मग मालकीणबाईंनी गटाराच्या नळीतून मांजराचे एक पिल्लू काढून आणले. मुठीएवढे, राखी रंगाचे. माणूस दिसला की ते अंग चोरायचे. ते सरळ माझ्याखाली घुसले आणि राहिले. बाईंनी शिवताना मांडीवर घ्यायचे आपले फडके त्याच्याकडे सरकवले. यंत्र चालू असेल तेवढा वेळ ते फडक्यावर झोपे.

पण मालकांना दमा. मांजराच्या केसांनी त्यांची छाती भरून येई. बाई म्हणाल्या, "याचं घर परसात करू. हे झाकण घ्या, एका बाजूला दार कापा." मालक कुलपे दुरुस्त करतात. त्यांनी दार कापले आणि लगेच कडी बसवायला घेतली. बाई हसल्या. "अहो कुलूपवाले, तुम्हाला फक्त बंद करायचं कळतं. याला उघडं ठेवायचं असतं."

तेवढे काम झाले आणि बाईंना दवाखान्यात न्यावे लागले. तिथे त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या, असे मालकांनीच नंतर माझ्यापाशी बसून पिल्लाला सांगितले. "त्याला परसात रुळवा. ओढाताण करू नका. आपणहून येईल त्या दिवशी नाव ठेवू." बाई परत आल्या नाहीत.

मालकांनी सांगितल्याप्रमाणे सगळे केले. परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जाळी लावून मला आत ठेवले. माझ्यात ते फडके अंथरले. रोज ठरल्या वेळी वाटी ठेवायची, नाकाला रुमाल बांधून लांब बसायचे, हात पुढे करायचा नाही. कितीतरी दिवस पिल्लू रात्रीच तेवढे खाई. हळूहळू ते मालकांसमोर खाऊ लागले. मग मालकांनी जाळी उघडली. ते परसात फिरे, भिंतीवर चढे आणि झोपायला माझ्याकडे येई.

त्या घरात एक रीत होती. कपडा दुसऱ्याच्या हाती द्यायचा तर धुऊन, इस्त्री करूनच. फडके मळलेले दिसले तेव्हा मालकांना वाटले, बाई असत्या तर असे राहू दिले नसते. त्यांनी ते धुतले. संध्याकाळी पिल्लू आले, आत डोके घालून हुंगले, मागे सरले आणि भिंतीवरून पलीकडे गेले.

त्यानंतरचे दिवस मी कसे सांगू? मालक मोटारींच्या खाली वाकून बघत. गटाराच्या प्रत्येक नळीत तोंड घालून बोलावत. पण हाक काय मारणार? नावच नव्हते. "अरे... ये ना रे," एवढेच म्हणत. दुकान बंद राहिले. वाटीतले खाणे रोज टाकून नवे ठेवले जाई. एकदा ते माझ्यासमोर बसून, बाईंशी बोलावे तसे म्हणाले, "एकच सांगितलं होतंस. तेही जमलं नाही मला."

बाईंची धाकटी बहीण आली. तिने माझ्यात हात घालून फडके बाहेर ओढले.

"भाऊजी, हे धुतलंत?"

"साबणानं. इस्त्रीही केली."

"इस्त्री? ते काय लग्नाला निघालं होतं?" बोलता बोलता तिने फडके नाकाशी नेले. "ताईचा वास होता हो याला. तेवढ्यावर राहिलं होतं ते. दुसरं काही आहे तिचं, न धुतलेलं?"

"सगळं तूच नेलंस धुवायला."

 मग दोघांनीही खिडकीतून आतल्या यंत्राकडे पाहिले.

यंत्राच्या सुईखाली एक छोटी गादी होती. बाई आपल्या अंगावरच्या जुन्या कपड्यांची ती पिल्लासाठीच शिवत होत्या. तीन बाजू झाल्या होत्या. बाई उठल्या तेव्हा सुई कापडात रुतलेली होती, तशीच होती. मालकांनी वर चादर टाकली होती आणि कोणाला हात लावू दिला नव्हता.

"मी कापू दोरा?" बहिणीने विचारले.

"नको. दे कात्री."

गावभरची कुलपे उघडणाऱ्या त्या हातातून दोरा कापताना कात्री दोनदा निसटली. गादी आणून त्यांनी माझ्यात ठेवली.

त्या संध्याकाळी कोणी आले नाही. दुसऱ्याही नाही. मग एका पहाटे भिंतीवरून काहीतरी खाली उतरले. चिखलाने माखलेले, बरगड्या दिसणारे. त्याने हुंगले. बराच वेळ हुंगले. मग गादीच्या उघड्या बाजूतून ते आत, दोन कापडांच्या मध्ये शिरले. शेपटीचे टोक तेवढे बाहेर. दारात मालक रुमाल नाकाला दाबून उभे होते. खोकला आला तो त्यांनी गिळला.

बहीण म्हणाली, "द्या इकडे, कापूस भरून शिवून टाकते. अर्धवट काम बरं दिसत नाही."

"राहू दे. ते आत आहे."

मित्रांनो, भेदरलेला जीव घरी आणाल तर त्याला लगेच हात लावू नका. आणि गेलेल्या माणसाचे सगळेच घाईने धुऊन काढू नका. त्यातले काही कोणाचे तरी घर असते.

पिल्लाला अजून नाव ठेवलेले नाही. ते अजून मालकांच्या हाताला येत नाही. गादीची चौथी बाजू शिवायची राहिली आहे.